परराष्ट्र धोरणविषयक बिगर-शासकीय संस्थांचे नेतृत्व व त्याची व्यावसायिक पार्श्वभूमी : ‘कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स’च्या संदर्भात

प्रस्तावना

परराष्ट्र धोरण मंत्रालयात ठरते, हे विधान पाठ्यपुस्तकापुरते खरे आहे. प्रत्यक्षात एखादा विषय मंत्रालयात निर्णयासाठी येण्यापूर्वी त्याची चर्चा अन्यत्र झालेली असते, त्यावर कोणीतरी टिपण लिहिलेले असते आणि पुष्कळदा त्याला एक नावही मिळालेले असते. हे पूर्वतयारीचे काम करणाऱ्या संस्थांचा एक स्वतंत्र वर्ग विसाव्या शतकात उदयास आला. या संस्था शासनाचा भाग नसतात, विद्यापीठे नसतात आणि राजकीय पक्षही नसतात. नफा मिळविणे हा त्यांचा हेतू नसतो. वर्गणी, देणग्या, प्रकाशने आणि मोठ्या न्यासांची अनुदाने यांवर त्यांचा कारभार चालतो. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या संस्थांचे अहवाल, नियतकालिके व शिफारशी यांचे विपुल विवेचन केले आहे. तथापि त्या चालविणारी माणसे कोणत्या व्यवसायातून येतात, हा प्रश्न बहुधा परिचयपत्रातील दोन ओळींवर सोपवून दिला जातो.

प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क येथील ‘कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स’ (यापुढे ‘परिषद’) या संस्थेच्या नेतृत्वाचा या अंगाने विचार केला आहे. १९२१ साली स्थापन झालेल्या या संस्थेला शंभर वर्षांहून अधिक काळाचा सलग इतिहास आहे आणि तिच्या प्रमुखांची पूर्वीची व नंतरची पदे सार्वजनिक नोंदीत उपलब्ध आहेत. त्यामुळे अशा अभ्यासासाठी ही संस्था विशेष सोयीची ठरते.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. परिषदेत ‘प्रेसिडेंट’ आणि ‘चेअरमन’ अशी दोन वेगळी पदे आहेत. मराठीत दोहोंनाही ‘अध्यक्ष’ म्हणण्याची प्रथा असल्याने, संस्थेविषयीचे मराठी लेखन वाचताना अनेकदा गोंधळ होतो. येथे दैनंदिन कारभार पाहणाऱ्या प्रेसिडेंटला ‘अध्यक्ष’ व संचालक मंडळाच्या चेअरमनला ‘सभापती’ म्हटले आहे. हा भेद केवळ भाषांतराच्या सोयीचा नाही. परिषदेच्या नेतृत्वाचा इतिहास या दोन पदांच्या भिन्न वाटचालीतच दडलेला आहे.

स्थापना : ज्ञान आणि पैसा

परिषदेचा उगम दोन प्रवाहांत आहे. पहिला प्रवाह विद्वानांचा. १९१७ साली अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या सूचनेवरून कर्नल हाऊस यांनी युद्धोत्तर शांतता कराराची पूर्वतयारी करण्यासाठी ‘द इन्क्वायरी’ नावाचा अभ्यासगट उभा केला. त्यात सुमारे दीडशे अभ्यासक होते. भूगोलतज्ज्ञ, इतिहासकार आणि अर्थशास्त्रज्ञ यांचा त्यांत मोठा भरणा होता. १९१९ च्या पॅरिस परिषदेत या मंडळींचा ब्रिटिश तज्ज्ञांशी निकटचा संबंध आला आणि पॅरिसच्या हॉटेल मॅजेस्टिकमधील बैठकीत दोन्ही देशांची मिळून एक कायमस्वरूपी अभ्याससंस्था असावी, अशी कल्पना पुढे आली. ब्रिटिशांनी १९२० साली आपली संस्था उभारली. तीच पुढे ‘चॅटम हाऊस’ या नावाने ख्यातनाम झाली. अमेरिकी विद्वान मायदेशी परतले ते आपापल्या विद्यापीठांत विखुरले. त्यांच्यापाशी योजना होती, पण ती चालविण्यास निधी नव्हता.

दुसरा प्रवाह न्यूयॉर्कमधील वकील, बँकर व उद्योजक यांचा. १९१८ पासून ही मंडळी माजी परराष्ट्रमंत्री एलिहू रूट यांच्या नेतृत्वाखाली भोजनोत्तर व्याख्याने व चर्चा यांसाठी एकत्र जमत असत. त्यांच्याकडे पैसा होता, परदेशातील व्यवहारांचा अनुभव होता. अभ्यासाची बैठक मात्र नव्हती. १९२१ मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले.

पदांची वाटणी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. रूट सन्माननीय अध्यक्ष झाले. अध्यक्षपद जॉन डब्ल्यू. डेव्हिस यांच्याकडे, तर उपाध्यक्षपद पॉल क्रॅव्हाथ यांच्याकडे गेले. तिघेही वकील होते. विद्वानांच्या वाट्याला आले ते संपादन आणि संशोधन. १९२२ साली सुरू झालेल्या ‘फॉरिन अफेअर्स’ या त्रैमासिकाचे पहिले संपादक हार्वर्डमधील इतिहासाचे प्राध्यापक आर्चिबाल्ड केरी कूलिज हे होत. भूगोलतज्ज्ञ आयझेया बोमन संचालक मंडळात होते. म्हणजे परिषदेचे लेखन प्राध्यापकाने सांभाळावे आणि तिची दारे वकिलाने उघडावीत, अशी ही रचना होती. महाविद्यालयीन अध्यापकांना या श्रमविभागणीत काही ओळखीचे वाटल्यास नवल नाही.

वकिलांची परिषद (१९२१–१९५०)

पहिल्या तीन दशकांत परिषदेला पाच अध्यक्ष लाभले. डेव्हिस (१९२१–३३) हे पूर्वी सॉलिसिटर जनरल आणि नंतर ब्रिटनमधील राजदूत होते. अध्यक्षपदी असतानाच १९२४ साली ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले व पराभूत झाले. जॉर्ज विकरशॅम (१९३३–३६) राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या कारकिर्दीत अॅटर्नी जनरल होते. नॉर्मन डेव्हिस (१९३६–४४) यांनी क्यूबातील वित्तव्यवसायात संपत्ती मिळविली आणि नंतर ते अर्थखाते, परराष्ट्रखाते व निःशस्त्रीकरण परिषदा अशा मार्गाने मुत्सद्दी झाले. रसेल लेफिंगवेल (१९४४–४६) वकिलीतून अर्थखात्यात आणि तेथून जे. पी. मॉर्गन या पेढीत भागीदार म्हणून गेले. अॅलन डलेस (१९४६–५०) यांनी दहा वर्षे परराष्ट्र सेवेत घालवून ‘सुलिव्हन अँड क्रॉमवेल’ या वकिलांच्या कचेरीत प्रवेश केला. दुसऱ्या महायुद्धात ते बर्न येथून गुप्तवार्ता संकलनाचे काम पाहत होते आणि १९५३ पासून १९६१ पर्यंत ते सी.आय.ए.चे संचालक होते.

पाचपैकी चौघे विधिज्ञ आणि एक वित्तव्यावसायिक, हे प्रमाण योगायोगाचे नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिका ऋणको राष्ट्र न राहता धनको राष्ट्र झाली. युरोपीय सरकारांचे कर्जरोखे न्यूयॉर्कच्या बाजारात विकले जाऊ लागले. या व्यवहारांचे मसुदे जी मंडळी करीत, त्यांना जर्मनीची नुकसानभरपाई किंवा फ्रान्सच्या चलनाचा भाव हा परराष्ट्र धोरणाचा अमूर्त प्रश्न नव्हता, तर टेबलावरचे काम होते. शिवाय वकिली हा असा व्यवसाय आहे की, त्यातून चार वर्षांसाठी सरकारात जाता येते आणि पुन्हा आपल्या कचेरीत परतता येते. बँकेतील अधिकाऱ्याला वा कारखानदाराला हे तितके सुकर नसते. परिषदेचे अध्यक्षपद तेव्हा अर्धवेळ होते. ज्यांचा चरितार्थ अन्यत्र चालतो, ज्यांना वॉशिंग्टनमध्ये ओळख आहे आणि ज्यांच्या शब्दावर देणगीदार विश्वास ठेवतात, अशाच व्यक्तींना ते पेलणे शक्य होते.

व्यवसायावरून मताचा अंदाज मात्र करता येत नाही. डेव्हिस डेमोक्रॅट होते, विकरशॅम रिपब्लिकन. जागतिक सहकार्याचा पुरस्कार करणारे हेच डेव्हिस आयुष्याच्या अखेरीस ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या ऐतिहासिक खटल्यात वर्णविभक्त शाळांच्या समर्थनार्थ दक्षिण कॅरोलिना राज्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९५४ साली तो खटला हरले. आंतरराष्ट्रीय उदारमतवाद आणि देशांतर्गत सनातनीपणा एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

प्रत्यक्ष काम पगारी कर्मचारी करीत. त्यांतील सर्वांत प्रभावी व्यक्ती म्हणजे पत्रकारितेतून आलेले हॅमिल्टन फिश आर्मस्ट्राँग. ते १९२८ पासून १९७२ पर्यंत ‘फॉरिन अफेअर्स’चे संपादक होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध भडकताच आर्मस्ट्राँग आणि परिषदेचे कार्यकारी संचालक वॉल्टर मॅलरी वॉशिंग्टनला गेले व त्यांनी परराष्ट्रखात्याला मदत देऊ केली. त्यातून ‘वॉर अँड पीस स्टडीज’ हा प्रकल्प सुरू झाला. खर्च रॉकफेलर फाउंडेशनने केला आणि १९४५ पर्यंत सहाशेहून अधिक टिपणे परराष्ट्रखात्याकडे गेली. एका खासगी संस्थेने शासनासाठी गोपनीयपणे नियोजन करावे, ही बाब आजही विचार करायला लावणारी आहे. अर्थशास्त्रज्ञ अॅल्विन हॅन्सन व जेकब व्हायनर, भूगोलतज्ज्ञ बोमन, वकील डलेस ही सारी मंडळी येथे एकाच प्रकल्पाच्या निरनिराळ्या गटांत काम करीत होती.

कुलगुरूंचा काळ आणि सभापतिपदाचा उदय

१९५१ मध्ये हेन्री रिस्टन अध्यक्ष झाले. ते इतिहासाचे अभ्यासक व ब्राऊन विद्यापीठाचे प्रमुख होते. त्यांच्यानंतर १९६४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे प्रमुख व राज्यशास्त्रज्ञ ग्रेसन कर्क यांची निवड झाली. अशा रीतीने १९५१ ते १९७१ ही वीस वर्षे अध्यक्षपद विद्यापीठीय प्रशासकांकडे राहिले. वरवर पाहता परिषदेने वॉल स्ट्रीटकडून विद्यापीठाकडे प्रयाण केले, असे वाटते.

तसे झाले नाही. सभापती हे स्वतंत्र पद १९४६ पासून अस्तित्वात आले आणि अध्यक्षपद सोडलेले मॉर्गन पेढीचे लेफिंगवेल त्यावर विराजमान झाले. म्हणजे अध्यक्षपद विद्वानांना मिळण्यापूर्वीच वित्तव्यावसायिकांसाठी वरचे आसन तयार झाले होते. यामागे कोणाची योजना होती, असे मानण्याचे कारण नाही. परंतु परिणाम मात्र स्पष्ट दिसतो. रिस्टन यांच्या घरातच या दोन जगांची भेट झाली होती. त्यांचे पुत्र वॉल्टर रिस्टन पुढे सिटीबँकेचे प्रमुख झाले.

विद्यापीठीय नेतृत्व म्हणजे स्वतंत्र नेतृत्व, हा समजही तपासून घ्यावा लागतो. रिस्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५४ मध्ये परराष्ट्र सेवेच्या पुनर्रचनेच्या ज्या शिफारशी केल्या, त्यामुळे त्या सेवेची घडणच बदलली. कर्क हे ‘इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स अॅनालिसीज’ या संरक्षणविषयक संशोधनसंस्थेच्या संचालक मंडळावर होते आणि एप्रिल १९६८ मध्ये कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनी जे बंड केले, त्यात या संबंधाला मोठा आक्षेप होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कर्क यांना विद्यापीठाचे प्रमुखपद सोडावे लागले. परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे त्यानंतरही १९७१ पर्यंत राहिले. विद्यापीठाच्या आवारात जे टिकले नाही, ते परिषदेत आणखी तीन वर्षे टिकले.

न बदललेला व्यवसाय

सभापतींची यादी अध्यक्षांच्या यादीशेजारी ठेवली की चित्र उलगडते. लेफिंगवेल यांच्यानंतर १९५३ मध्ये जॉन जे. मॅक्लॉय सभापती झाले. मूळचे वकील, युद्धकाळात युद्धखात्यात उच्चाधिकारी, मग जागतिक बँकेचे अध्यक्ष, नंतर पराभूत जर्मनीतील अमेरिकेचे उच्चायुक्त, आणि १९५३ पासूनच चेस बँकेचे प्रमुख. १९५८ मध्ये ते फोर्ड फाउंडेशनचेही सभापती झाले. १९५८ ते १९६० या काळात देशातील एक अग्रगण्य बँक, सर्वांत धनाढ्य न्यास आणि परराष्ट्र धोरणाची सर्वांत प्रतिष्ठित परिषद यांच्या सभापतिपदी एकच व्यक्ती होती. फोर्ड फाउंडेशन परिषदेला अनुदान देत असे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

मॅक्लॉय यांच्यानंतर १९७० मध्ये डेव्हिड रॉकफेलर आले. तेही चेस बँकेचेच प्रमुख. १९८५ पासून २००७ पर्यंत पीटर जी. पीटरसन सभापती होते. नेब्रास्कातील ग्रीक स्थलांतरितांचे हे पुत्र निक्सन यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री, मग लेहमन ब्रदर्सचे प्रमुख आणि नंतर ‘ब्लॅकस्टोन’चे सहसंस्थापक झाले. २००७ मध्ये दोन सहसभापती नेमले गेले : गोल्डमन सॅक्स, अर्थमंत्रालय व सिटीग्रुप असा प्रवास केलेले रॉबर्ट रुबिन आणि विधिज्ञ, माजी मंत्री व माजी व्यापार प्रतिनिधी कार्ला हिल्स. २०१७ मध्ये ‘कार्लाइल’ या गुंतवणूक समूहाचे सहसंस्थापक डेव्हिड रुबेनस्टाइन यांनी ती जागा घेतली. हिल्स यांचा अपवाद वगळता सारे सभापती वित्तक्षेत्रातील आहेत. व्यवसाय तोच राहिला. बदलला तो वित्तव्यवसायाचा प्रकार. आधी खासगी पेढी, मग व्यापारी बँक, मग गुंतवणूक निधी. अमेरिकी भांडवलाचे केंद्र जसजसे सरकत गेले, तसतसे सभापतिपद त्याच्यामागून गेले.

हितसंबंधांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. १९७९ मध्ये पदच्युत झालेल्या इराणच्या शहांना अमेरिकेत प्रवेश द्यावा, यासाठी रॉकफेलर, मॅक्लॉय आणि हेन्री किसिंजर यांनी कार्टर प्रशासनाकडे सातत्याने आग्रह धरला. शहांच्या सरकारशी चेस बँकेचे मोठे व्यवहार होते. ऑक्टोबरमध्ये शहांना उपचारांसाठी प्रवेश मिळाला व ४ नोव्हेंबर रोजी तेहरानमधील अमेरिकी वकिलातीवर ताबा घेतला गेला. हा प्रयत्न व्यक्तींचा होता. परिषद संस्था म्हणून कोणत्याही धोरणप्रश्नावर भूमिका घेत नाही, असा तिचा नियमच आहे. तथापि एकच व्यक्ती सकाळी बँकेची प्रमुख, दुपारी परिषदेची सभापती आणि सायंकाळी मंत्र्यांची स्नेही असेल, तर ती कोणत्या नात्याने बोलत आहे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? परिषदेचा नियम या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

पूर्णवेळ अध्यक्ष आणि दुतर्फा रस्ता

१९७१ हे वर्ष परिषदेच्या इतिहासात वादळी ठरले. आर्मस्ट्राँग यांच्यानंतर ‘फॉरिन अफेअर्स’च्या संपादकपदासाठी रॉकफेलर यांनी विल्यम बंडी यांची निवड केली. बंडी सी.आय.ए., संरक्षणखाते व परराष्ट्रखाते येथे उच्चपदी होते आणि व्हिएतनाम युद्धाच्या आखणीत त्यांचा वाटा होता. रिचर्ड फॉक यांच्यासारख्या सदस्यांनी जाहीर विरोध केला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘पेंटॅगॉन पेपर्स’ प्रसिद्ध झाले व त्यातून बंडी यांची भूमिका सर्वांसमोर आली. विरोध होऊनही नेमणूक कायम राहिली. १९७२ ते १९८४ बंडी संपादक होते. योगायोगाचा भाग असा की, ज्या चमूने हे दस्तऐवज संरक्षणखात्यात संकलित केले, त्याचे प्रमुख लेस्ली गेल्ब हेच १९९३ मध्ये परिषदेचे अध्यक्ष झाले. युद्ध आखणारा आणि त्या युद्धाचा गोपनीय इतिहास लिहून घेणारा, दोघांनाही एकाच इमारतीत जागा मिळाली. यास परिषदेचा मोठेपणा म्हणावे की तिचे वर्तुळ किती लहान आहे याचा पुरावा, याविषयी मतभेद होऊ शकतो. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

१९७१ मध्येच स्टॅनफर्डच्या विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता बेलेस मॅनिंग अध्यक्ष झाले. ते पहिले पूर्णवेळ अध्यक्ष. पद सवेतन व पूर्णवेळ झाल्यामुळे त्याचे स्वरूपच पालटले. आता अन्यत्र चरितार्थ असण्याची अट राहिली नाही. म्हणून वकिलाची जागा मुत्सद्द्याला घेता आली. विन्स्टन लॉर्ड (१९७७–८५) किसिंजर यांचे सहायक होते आणि १९७१ च्या गुप्त चीनभेटीत त्यांच्यासोबत होते. पीटर टार्नॉफ (१९८६–९३) परराष्ट्र सेवेतील अधिकारी होते. गेल्ब (१९९३–२००३) यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि शासन यांच्यात दोनदा ये-जा केली होती. रिचर्ड हास (२००३–२३) यांनी थोरल्या बुश यांच्या काळात व्हाइट हाऊसमध्ये आणि धाकट्या बुश यांच्या काळात परराष्ट्रखात्यात काम केले होते. लॉर्ड व हास हे दोघेही परराष्ट्रखात्याच्या धोरण नियोजन विभागाचे माजी संचालक. या विभागाचे पहिले संचालक जॉर्ज केनन यांचा ‘एक्स’ या टोपणनावाने लिहिलेला, सोव्हिएत संघाला आवर घालण्याच्या धोरणाला नाव देणारा लेख जुलै १९४७ च्या ‘फॉरिन अफेअर्स’मध्येच आला होता, हे येथे आठवते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही मंडळी परिषदेतून कोठे गेली. लॉर्ड १९८५ मध्ये चीनमधील राजदूत झाले. टार्नॉफ १९९३ मध्ये परराष्ट्रखात्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पदावर गेले. पूर्वी डलेस सी.आय.ए.कडे गेले होतेच. अमेरिकी राजकारणात या येण्याजाण्याला ‘फिरते दार’ म्हणतात. त्याचा लाभ असा की, अध्यक्षाला शासन आतून ठाऊक असते व त्याचे बोलणे शासनात ऐकले जाते. तोटा असा की, ज्याला उद्या शासनात जायचे आहे, तो आज शासनावर किती कठोर टीका करील?

हा तोटा केवळ बाहेरच्या टीकाकारांनी कल्पिलेला नाही. गेल्ब यांनी इराक युद्धाला सुरुवातीस पाठिंबा दिला होता. २००९ मध्ये त्यांनी लिहून ठेवले की, आपला तो पाठिंबा परराष्ट्र धोरणाच्या वर्तुळातील एका दुर्दैवी प्रवृत्तीचे लक्षण होता. राजकीय व व्यावसायिक विश्वासार्हता टिकविण्यासाठी युद्धाला अनुकूल राहण्याकडे तेथे कल असतो. पेंटॅगॉन पेपर्सच्या संकलकाने, व्हिएतनामवर ग्रंथ लिहिलेल्या अभ्यासकाने आणि दहा वर्षे परिषद चालविलेल्या अध्यक्षाने हे लिहावे, यास वेगळे वजन आहे. त्यांच्याकडे माहितीची उणीव नव्हती. व्यवसायाचा दाब माहितीपेक्षा प्रबळ ठरला. हास यांनीही २००३ च्या युद्धाला ‘निवडीचे युद्ध’ म्हणून १९९१ च्या अनिवार्य युद्धाहून वेगळे ठरविले, पण तो ग्रंथ २००९ साली, म्हणजे युद्ध सुरू झाल्यानंतर सहा वर्षांनी आला.

२०२३ मध्ये मायकेल फ्रोमन अध्यक्ष झाले. ते विधी शाखेचे पदवीधर. अर्थखात्यात रुबिन यांच्या कार्यालयाचे प्रमुख. त्यांच्याप्रमाणेच पुढे सिटीग्रुपमध्ये. मग ओबामांच्या काळात २०१३ ते २०१७ अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी आणि नंतर मास्टरकार्ड कंपनीत उच्चपदस्थ. १९५१ मध्ये विधी व वित्त यांपासून दूर गेलेले अध्यक्षपद बहात्तर वर्षांनी पुन्हा त्याच संगमावर आले आहे. व्यापारशुल्क, निर्बंध व तंत्रज्ञानाची निर्यात हीच जेव्हा परराष्ट्र धोरणाची शस्त्रे होतात, तेव्हा व्यापाराच्या वाटाघाटी केलेल्या माणसाची निवड होणे स्वाभाविक म्हटले पाहिजे.

या यादीत कोण नाही, याचीही नोंद घ्यावयास हवी. परिषदेचे सदस्यत्वच १९७० च्या सुमारापर्यंत स्त्रियांना खुले नव्हते. २०२३ च्या नियुक्तीपर्यंत एकही स्त्री पूर्णवेळ अध्यक्ष झालेली नाही. कामगार चळवळ, शेती, वैद्यक किंवा विज्ञान या क्षेत्रांतून आलेली व्यक्ती अध्यक्ष वा सभापती झालेली दिसत नाही. अन्नधान्याची मदत, साथीचे रोग, स्थलांतरित मजूर हे विषय परिषदेने हाताळले नाहीत असे नाही. परंतु त्या विषयांत ज्यांचे आयुष्य गेले, ते येथे वक्ते वा लेखक म्हणून येतात, यजमान म्हणून नाही.

भारतीय संदर्भ

भारतातील याच जातीच्या संस्थेचा, म्हणजे ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’चा आरंभ १९४३ मध्ये झाला. तिचे पहिले अध्यक्ष तेजबहादूर सप्रू हे नामांकित विधिज्ञ होते. येथवर साम्य आहे. त्यानंतर दीर्घकाळ हे पद पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्याकडे होते. कुंझरू ना बँकर होते ना मुत्सद्दी. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते आजीव सेवक आणि १९३६ पासून अध्यक्ष होते. अल्प मानधनावर सार्वजनिक कार्याला वाहून घेण्याची जी परंपरा पुण्याने निर्माण केली, तिच्यातून परराष्ट्र धोरणाच्या संस्थेला नेतृत्व मिळाले, ही गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडणे कठीण होते. १९४७ ची आशियाई संबंध परिषद याच संस्थेने भरविली.

मात्र या संस्थेमागे मॉर्गन वा रॉकफेलर नव्हते. काळाच्या ओघात तिचा कारभार खालावला आणि २००१ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून केंद्र शासनाच्या आश्रयाखाली आली. उपराष्ट्रपती तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. २००९ पासूनचे महासंचालक पाहिले, तर सुधीर देवरे, राजीव भाटिया, नलिन सुरी, टी. सी. ए. राघवन व विजय ठाकूर सिंग हे सारे भारतीय परराष्ट्र सेवेतील आहेत. न्यूयॉर्कमध्ये पैसा वित्तक्षेत्राचा म्हणून सभापती वित्तक्षेत्रातील. दिल्लीत पैसा शासनाचा म्हणून प्रमुख शासकीय सेवेतील. मुंबईत २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘गेटवे हाऊस’ने तिसरा मार्ग धरला. मनजीत कृपलानी या पत्रकार आणि नीलम देव या माजी राजदूत यांनी ती उभी केली. दिल्लीतील पद सोडल्यानंतर राजीव भाटिया याच संस्थेशी संलग्न झाले, यावरून वर्तुळ येथेही फार मोठे नाही, हे कळते.

दिल्लीच्या संस्थेच्या आरंभीच्या काळात महासचिवपद ए. अप्पादोराय यांच्याकडे होते. ते मद्रासच्या महाविद्यालयातील राज्यशास्त्राचे अध्यापक. १९५५ मध्ये या संस्थेने सुरू केलेल्या ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ची उभारणीही त्यांच्याच देखरेखीखाली झाली, १९७० मध्ये ते केंद्र जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. अप्पादोराय यांचे राज्यशास्त्रावरील पाठ्यपुस्तक आजही अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत सापडते. त्यांनी सांभाळलेल्या कारभाराच्या खुर्चीवर २००९ नंतर महाविद्यालयातून आलेली एकही व्यक्ती बसलेली नाही.